गाळलेल्या जागा

अकोला, जुने शहर
१८ ऑगस्ट २०२४

मामाआबा,

पाया पडते. पत्र पाहून वाटेल, पोरीचा मोबाइल हरवला. हरवला नाही. मी तुम्हाला मोबाइलवर माझी रेकॉर्डिंग पाठवली, सगळ्यांवर निळ्या खुणा आल्या, उत्तर एकाचंही आलं नाही. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "माह्या भावाले कागद लागते. कागदाबिगर आमच्या भगवंताले काही खरं वाटत नाही." म्हणून कागद.

मी रॅप करते. ठेक्यावर बोलते, स्वतः लिहिलेलं. माझ्या वर्गातला नितेश लॅपटॉपवर ठेका बनवतो. डिसेंबरात अमरावतीला एका हॉलमध्ये कार्यक्रम आहे. आपल्या भागातली पोरंपोरी उभी राहून आपापलं लिहिलेलं बोलणार, कोणी ठेक्यावर, कोणी नुसतंच. त्यासाठी ऑक्टोबरात अकोल्यात निवड आहे.

बाबांना एकदा ऐकवलं. ते दुकानात झेंडूच्या राशीवर पाणी मारत होते. अर्ध्यातच म्हणाले, "बंद कर. हे बडबड हाये."

मी म्हटलं, "बाबा, कविता आहे."

"कविता काय असते ते मामाले विचार. शाळेतल्या साऱ्या कविता तोंडपाठ हायेत मामाच्या. मामा हो म्हणन तं जाय अमरावतीले. नाही म्हणन तं हे बंद. कायमचं."

आता सगळं तुमच्या हातात आहे. मोठ्या मनानं ऐका, आणि बाबांना सांगा.

तुमची
प्रतीक्षा


चांदूर रेल्वे
२६ ऑगस्ट २०२४

चि. प्रतीक्षा,

आशीर्वाद तुला न मागता आहेतच. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी अंगणात पेपर वाचत होतो. पाकिटावर स्वतःचं नाव शाईत पाहून किती वर्षं झाली, आठवेना. आधी ते नुसतंच हातात धरून बसलो.

तू पाठवलेलं पोचलं. पण माझा मोबाइल फार खरखरतो गं. आणि तुझं बोलणं म्हणजे मालगाडी. मी पहिला डबा ओळखेपर्यंत गार्डचा डबा सिग्नल ओलांडून जातो. आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बसलो, पण इतक्या वेगाचा माल कधी उतरवला नाही.

कवितेचं म्हणशील, तर माझी कविता भातकुलीकडच्या आमच्या शाळेतच राहिली. दुपारी उन्हाने कौलं तापायची, बाहेर कोणाचा तरी बैल घंटा वाजवत जायचा, आणि गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरून अर्धी ओळ म्हणायचे. म्हणायचे आणि थांबायचे. मग आम्ही चाळीस पोरं उरलेली अर्धी ओळ एका दमात फेकायचो. छपरावरची कबुतरं उडायची. अर्थ कोणाला कळत होता? पण त्या ओळी आजही आंघोळ करताना आपसूक तोंडात येतात. तुझी आजी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. तिला शाळेत घातलं नव्हतं.

तर मी म्हाताऱ्या पद्धतीने सांगतो. तुझं गाणं कागदावर लिहून पाठव, नीट, ओळीखाली ओळ. आणि या रॅपचं माहेर कोणतं तेही कळव. माहेर कळलं की गाणं कळतं, निदान मला तरी.

तुझा
मामाआबा


अकोला
५ सप्टेंबर २०२४

मामाआबा,

माहेर विचारलंत ते फार आवडलं. नितेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "आबा भारी आहेत, त्यांना माझ्या टीममध्ये घ्या."

माहेर आहे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची चर्च. गुलामीत राबलेली माणसं तिथं जमायची. एक जण बोलायचा आणि बाकीचे मधेमधे "हो", "खरं आहे" म्हणायचे. त्यातून काही गायक बाहेर पडले. देवासाठी कमावलेला तोच आवाज त्यांनी प्रेमाला, विरहाला, घरभाड्याला लावला. त्या गाण्यांना सोल म्हणतात. मग त्यांच्या मोहल्ल्यातली पोरं मोठी झाली. वाद्य घ्यायला पैसा नव्हता, पण घरात आईबापाच्या तबकड्या होत्या. त्यातला एक तुकडा घ्यायचा, तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर आपलं बोलायचं. म्हणजे खाली आईबापाचा आवाज आणि वर पोराचा. मला रॅपमधलं हेच सगळ्यात आवडतं.

नितेशने माझ्यासाठी असाच एक तुकडा शोधला. एक बाई नुसती गुणगुणते, शब्द नाहीत. आजी भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "हे बाई काहून रडून राहिली? कोण गेलं तिचं?" नितेशने तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

आणि चांगला रॅप लिहिणारा यमकासाठी ओळ संपायची वाट पाहत नाही. श्वास कुठं घ्यायचा तेही तो आधीच ठरवतो.

हे माझं. आपल्या दुकानावर आहे.

पहाटे चार, ओलं फडकं, ओला झेंडू, ओला हात
माय ओवते, ओठात सुई, बोटात दोरा, गोष्ट आत
एकच फूल, एकच दोरा, एकच गाठ, एकच हार
सकाळी नवरदेवाचा गळा, दुपारी पुढाऱ्याचा सत्कार
अन् संध्याकाळी ..........

कोणाले लागला, कोणाले पुरला, कोणाच्या गळ्यात सुकून गेला
ज्यानं जन्मभर हार विकले तो माणूस ..........

पुढे अजून दोन ओळी आहेत, पण त्या अजून हलताहेत. आता सांगा.

प्रतीक्षा


चांदूर रेल्वे
१६ सप्टेंबर २०२४

चि. प्रतीक्षा,

शाबास! "ओठात सुई, बोटात दोरा, गोष्ट आत" ही ओळ मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. कौशल्याला मी असंच बसलेलं पाहिलंय. सून म्हणून घरात आली तेव्हापासून ओठात सुई, म्हणून बोलणं कमी. आमच्या कवितांमध्ये यमक पाहुण्यासारखं ओळीच्या शेवटी, दारात उभं राहायचं. तुझं यमक घरच्या माणसासारखं घरभर फिरतं. हा फरक मला आज कळला, वयाच्या या टोकाला.

तू दोन जागा मोकळ्या सोडल्यास. मी समजलो. मामाआबाची परीक्षा! गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न मी शाळेत कधी चुकवला नाही. दोन दिवस बोटांवर मात्रा मोजत होतो. दूधवाल्याला वाटलं हिशेब करतोय. घे:

अन् संध्याकाळी देवापायी शांत निजला पुष्पभार

आणि दुसरी:

ज्यानं जन्मभर हार विकले तो माणूस कृतार्थ झाला

आता बघ कशी भरीव झाली. फुलाचं सोनं झालं, माणसाचंही झालं. गोपाललाही आजच वेगळं पत्र टाकतोय, ही पूर्ण कविता लिहून, की बाबा रे, ही अस्सल कविता आहे, पोरीला जाऊ दे.

आनंदाने,
मामाआबा


अकोला
८ ऑक्टोबर २०२४

मामाआबा,

उशीर झाला. लिहू की नको, असं चाललं होतं.

तुमचं पत्र बाबांनी दुकानातच उभ्याने वाचलं. घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जाय. पण मामानं जसं लिहिलं तसंच म्हणाचं. अक्षर बदलाचं नाही." मी खूश झाले. वाटलं, दोन ओळींचं काय एवढं.

रविवारी निवड झाली. मी तुमच्या ओळी म्हटल्या. "पुष्पभार" म्हणेपर्यंत माझा श्वास संपला, कारण तिथं श्वास घ्यायची जागाच उरली नव्हती. ठेका पुढे गेला, मी मागे राहिले. पोरं मोबाइल पाहायला लागली. निवड करणाऱ्या सीमाताई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "पहिल्या ओळी तुझ्या आहेत. ह्या दोन कोणाच्या? अमरावतीला तुझं नाव धरते, पण तुझंच घेऊन ये."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मामाचं म्हणशीन तं जाय, नाही तं जाऊ नको." आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. रागावले नव्हते ते. हात जोडल्यासारखं बोलत होते.

मामाआबा, त्या जागा परीक्षेच्या नव्हत्या. तिथं मी थांबते. संध्याकाळी तोच झेंडू चौघांच्या खांद्यावरून कुठं जातो ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी बोलायचं नाही, ऐकणाऱ्यांनी मनात म्हणायचं. आणि दुसरी जागा महादेव आजोबांची आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. त्या एप्रिलात, करोनात, आजोबांना दवाखान्यातून थेट नेलं. फूल वाहू दिलं नाही. सारी हयात हार विकले त्यांनी, आणि त्यांच्या अंगावर एक पाकळी नव्हती. तिथं तुम्ही "कृतार्थ झाला" लिहिलंत.

तुमच्यावर राग नाही. पण एक विचारू? तुम्ही माझं रेकॉर्डिंग ऐकलंत का? ऐकलं असतं तर तिथं मी गप्प होते हे तुम्हाला कळलं असतं.

प्रतीक्षा


चांदूर रेल्वे
२२ ऑक्टोबर २०२४

चि. गोपाल,

हे पत्र तुला लिहितोय, कारण गाठ तुझ्याकडे आहे, आणि ती मी आणखी घट्ट केली.

आधी माझं सांगतो. मोबाइलचा काही दोष नाही. मला ऐकू येत नाही. डाव्या कानाने दोन वर्षांपूर्वीच साथ सोडली, उजवा आता नुसता शोभेला आहे. यंत्र आणलं, त्यात सगळ्या जगाची शिट्टी वाजते, म्हणून कपाटात ठेवलं. कोणाला सांगितलं नाही, कारण कवितेवर बोलणारा म्हातारा म्हणून लोक मला विचारतात, आणि बहिऱ्याला कविता कोण विचारतो? पोरीचं गाणं मी ऐकलंच नाही. न ऐकता निकाल दिला.

तिचं पत्र आलं त्या गुरुवारी मी भजनात जाऊन बसलो. नेहमीच बसतो, सवयीने. आमचे पंजाबराव खंजेरी धरून पुढे असतात. ऐकू येत नाही म्हणून मी त्यांच्याकडे पाहत होतो. पाहता पाहता दिसलं, पंजाबरावांचा हात खंजेरीवर पडता पडता थांबला, तोंड मिटलं. आणि मागची सगळी तोंडं एकदम उघडली. माणसांनी ओळ उचलली. इतकी वर्षं कान शाबूत होते तेव्हा मला हे कधी दिसलं नव्हतं. आमचे गुरुजी हेच करायचे रे. अर्धी ओळ म्हणून थांबायचे. त्यांनी दोन्ही अर्ध्या स्वतःच म्हटल्या असत्या, तर आमच्या हाती काय आलं असतं?

तुझ्या पोरीने लोकांसाठी जागा ठेवली होती. मी तिथं माझी गादी टाकून बसलो. त्या ओळी मी परत घेतो. पुन्हा त्या कोणाच्या तोंडी नकोत.

भाऊजींना फूल मिळालं नाही, हे मला माहीत नव्हतं. मी इथे अडकलेला, तू फोनवर म्हणालास, "सारं नीट झालं, मामा." मी खरं मानलं.

तिला तिचं म्हणू दे.

तुझा
मामा


अकोला
६ नोव्हेंबर २०२४

मामा,

मले लेहाची सवय नाही. बिलाच्या मागं लेहून राहिलो, कावून की वहीचा कागद फाडला तं पोरगी इचारन.

"सारं नीट झालं" असं मी तुमाले म्हटलं ते खोटं होतं. तवा मले खरं बोलता येत नव्हतं, आताही येत नाही. त्या दिवशी मी मोगऱ्याचा हार ओवला. मी जन्मात हार ओवला नव्हता मामा, ओवणं कौशल्याचं काम, मी विकाचं. बोटाले सुई टोचली. वाकडातिकडा झाला. म्हटलं बाप हाये, चालून घेईन. तिथं गेटवर त्या पोरानं हात जोडले, म्हणे काका नाही जमत, वरून हुकूम हाये. त्याचाही दोष नाही, तोही रडून राहिला होता. मंग तो हार गाडीच्या आरशाले टांगला अन् घरी आलो. कौशल्यानं पाह्यला, इचारलं नाही. मायनं पाह्यला, तिनंही नाही इचारलं. तवापासून घरात कोणीच काही इचारत नाही.

पोरगी ते दुकानात म्हणाले लागली, अन् "जन्मभर हार विकले" असं बोलून गप झाली. मले वाटलं आता हे माह्याकडं पाहून राहिली. म्हणून बंद कर म्हटलं. कविता हाये का नाही, त्याचं मले काय करनं.

मंग तुमचं पत्र आलं. तो माणूस कृतार्थ झाला. मामा, मले लय बरं वाटलं. म्हटलं मामा शिकेल हाये, मामानं लेहलं म्हंजे झाला असन माहा बाप कृतार्थ. ते कागद मी खिशातच ठेवत होतो. आता तुमीच म्हंता परत द्या.

तुमाले ऐकू येत नाही, अन् मले ऐकवत नाही. आपन दोघं बरे भेटलो.

जाऊ द्या पोरीले. तिच्या मनाचं म्हणू द्या. तिले, नितेशले मी आपल्या टेम्पोत, छोट्या हत्तीत आणतो, पण मी आत येणार नाही. गाडीपाशी उभा राहीन.

कानाचं यंत्र लावत जा. शिट्टी वाजली तं वाजली.

गोपाल


चांदूर रेल्वे
१७ डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षा,

काल संध्याकाळपासून तळहात अजून धडधडतो आहे. सांगतो का ते.

मी एस.टी.ने अमरावतीला लवकरच पोचलो. सीमाताईंना गाठलं आणि म्हटलं, मी बहिरा आहे, मला तुमच्या त्या आवाजाच्या मोठ्या पेटीशेजारी बसवा. त्या हसल्या नाहीत, खुर्ची आणून दिली. मी पेटीवर हात ठेवला. बाई गं! पार्सल ऑफिसात मेल न थांबता जायची तेव्हा फरशी अशी बोलायची. ठेका मला कोपरापर्यंत कळत होता. त्याखाली काहीतरी बारीक, लांबट थरथर होती. तीच ती गुणगुणणारी बाई असावी. तिला ऐकलं म्हणणार नाही, पण ती होती.

तुझ्याआधी चार-पाच जण बोलून गेले. एक मुलगा ठेक्याशिवाय बोलला, हाताने हवा कापत. त्याचं कळलं नाही, पण पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत होती. म्हणजे पोचलं असणार.

मग तू आलीस. तुझ्या ओळी मला पाठ होत्या, म्हणून मी तुझ्या ओठांवर चालत होतो. "ओठात सुई" म्हणताना तू खरंच ओठ मिटलेस. पहिल्या जागी तू थांबलीस, हात थांबला, आणि मी पाहिलं की सगळ्या हॉलच्या माना किंचित खाली गेल्या. सगळ्यांना कळलं होतं. मी तिथं "पुष्पभार" लिहिला होता! खुर्चीतच अंग चोरलं.

दुसऱ्या जागी तू थांबलीस. ठेका माझ्या हाताखाली चालू होता, तू गप्प. आणि एकदम सगळ्या माना मागे वळल्या. मीही वळलो. दाराशी गोपाल होता, हातात गाडीची किल्ली. म्हणाला होता ना, आत येणार नाही? त्याचे ओठ हलले. थोडेसेच. मग तुझ्याकडे पाहिलं तर तू माइकपासून बाजूला झालेली.

त्यानंतर गर्दी. गोपालने येऊन माझे पाय धरले, काही बोलला, मी यंत्र लावलं होतं पण त्यात फक्त टाळ्या भरल्या होत्या. मग तुम्ही निघालात.

कविता आहे का, हे आता कोणी मला विचारू नये. मी विचारणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. मला एवढंच सांग, पोरी, गोपाल काय म्हणाला?

मामाआबा


अकोला
२३ डिसेंबर २०२४

मामाआबा,

बाबा म्हणाले, "माहा बाप होता."

ज्यानं जन्मभर हार विकले तो माणूस माहा बाप होता. एवढंच. मोठ्यानेही नाही. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतात तसं.

पुढच्या दोन ओळी मी म्हटल्या नाहीत. त्या मागून मी पक्क्या केल्या होत्या, चांगल्याही होत्या. पण बाबांनंतर काय बोलणार? नितेशने ठेका चालू ठेवला आणि हळूहळू कमी केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

परतताना मी पुढे बाबांच्या शेजारी बसले, नितेश मागे रिकाम्या टोपल्यांमध्ये. बडनेऱ्याला बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "तुह्या आजोबाले शेवंतीचा वास सहन होत नव्हता. शिंका यायच्या. तरी सारा जन्म शेवंती विकली त्यानं, नाकाले रुमाल बांधून." मला हे माहीत नव्हतं. मग ते बोलतच राहिले. आजोबा पहिल्यांदा कोणत्या सायकलवर टोपली घेऊन आले, कोणत्या लग्नात नवरदेवाचा हार विसरले आणि मांडवातून धावत आले, आजीवर रागावले की कसे अंगणात जाऊन जेवायचे.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तरी बाबा बोलत होते. चहावाला पैसे मागत उभा, ते बोलतच. शेवटी पैसे मी दिले. घरी पोचलो तर आजी दारात उभी. बाबांनी गाडीतून उतरता उतरता तिला विचारलं, "माय, बाबाची ते सायकल कोणाले देली होती आपन?"

आजी उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "बस. सांगतो."

प्रतीक्षा